गणित करणारे सॉफ्टवेअर निवडताना : नवशिक्यांसमोरील पर्याय आणि त्यांचे स्वभाव

‘एक्सचा एनवा घात’ ही राशी घेऊन तिचे समाकलन, म्हणजे विद्यार्थी ज्याला इंटिग्रेशन म्हणतात ते, करण्याची आज्ञा तीन सॉफ्टवेअरना दिली, तर तीन निरनिराळे अनुभव येतात. मॅथेमॅटिका तत्काळ सांगते की घात एकाने वाढवा आणि वाढलेल्या घाताने भागा. पायथन भाषेतील सिम्पाय हेच उत्तर देते, पण दोन भागांत: एन उणे एक नसेल तर हे, आणि असेल तर एक्सचा लॉगरिदम. मॅक्सिमा मात्र उत्तर देण्याआधी थांबते आणि उलट विचारते की एनची किंमत उणे एक आहे काय. होय किंवा नाही असे टंकित केल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

बारावीच्या विद्यार्थ्याला हे सूत्र पाठ असते. त्यासोबतची अटही शिकवलेली असते. उत्तरपत्रिकेत ती लिहायची राहते, इतकेच. मॅथेमॅटिका ही अट गृहीत धरून पुढे जाते, सिम्पाय ती लिहून दाखवते, मॅक्सिमा ती वापरणाऱ्याकडूनच वदवून घेते. जाणकाराच्या दृष्टीने या तिन्ही पद्धती चालण्यासारख्या आहेत. नवशिक्याची गोष्ट वेगळी असते. यंत्राने दिलेल्या उत्तरावर किती विसंबावे, याची त्याची सवय पहिल्याच साधनाबरोबर घडते आणि पुढे ती सहसा बदलत नाही. म्हणूनच प्रोग्रॅमिंग आणि प्रतीकात्मक गणित यांचा आरंभ करताना कोणते सॉफ्टवेअर निवडावे, हा प्रश्न किंमत आणि सोय यांच्यापाशी संपत नाही.

व्यक्त आणि अव्यक्त

संगणक गणित करतो असे म्हणताना दोन भिन्न क्रिया एकाच शब्दात बांधल्या जातात. पहिली आकड्यांची. दोनाचे वर्गमूळ विचारले की साधा गणनयंत्र-प्रकारचा प्रोग्रॅम १.४१४२ ने सुरू होणारी संख्या देतो आणि ठरावीक स्थळांनंतर थांबतो. दुसरी क्रिया चिन्हांची. तेथे दोनाचे वर्गमूळ हे ‘दोनाचे वर्गमूळ’ म्हणूनच राहते. आठाचे वर्गमूळ विचारले तर ‘दोन गुणिले दोनाचे वर्गमूळ’ असे उत्तर येते, आणि त्याचा वर्ग केला की नेमके ८ मिळतात, ७.९९९९ किंवा ८.०००१ नव्हे.

भारतीय गणितपरंपरेने हा भेद फार पूर्वी नावांनिशी नोंदवला आहे. अंकगणिताला व्यक्तगणित आणि बीजगणिताला अव्यक्तगणित म्हटले जाई. भास्कराचार्यांच्या ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त लीलावती आणि बीजगणित हे दोन स्वतंत्र भाग आहेत. अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक अशी नावे देऊन त्यांची आद्याक्षरे समीकरणांत वापरण्याची पद्धत त्या काळी रुळलेली होती. आज विद्यार्थी सिम्पायमध्ये ‘एक्स हे चिन्ह समजावे’ अशी पहिली ओळ लिहितो, तेव्हा तो यावत्तावत्‌चीच स्थापना करत असतो.

आकड्यांच्या गणनेतील एक उदाहरण प्रत्येक नवशिक्याने स्वतः करून पाहण्याजोगे आहे. पायथनला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचारली तर ०.३ हे उत्तर येत नाही. दशांश चिन्हानंतर ३, मग १५ शून्ये आणि शेवटी ४ असा आकडा पडद्यावर उमटतो. हा पायथनचा दोष नाही. संगणक या संख्या द्विमान पद्धतीत साठवतो आणि एकदशांश ही संख्या त्या पद्धतीत नेमकी मावत नाही, जशी एकतृतीयांश ही दशमान पद्धतीत मावत नाही. बहुतेक भाषांत हेच घडते. पायथन ते झाकत नाही. इतकेच सिम्पायला १/१० आणि २/१० असे परिमेय अपूर्णांक देऊन विचारले तर ३/१० असे निखळ उत्तर मिळते.

साठ वर्षांचा इतिहास

चिन्हांशी खेळणारे प्रोग्रॅम नवे नाहीत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, अर्थात एमआयटी येथे १९६१ मध्ये जेम्स स्लेगल यांनी ‘सेंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाची समाकलनाची उदाहरणे तो सोडवत असे. त्याला दिलेल्या ८६ उदाहरणांपैकी ८४ त्याने सोडवली. त्याच संस्थेत १९६८ मध्ये मॅक्सिमाचा पूर्वज असलेल्या मॅक्सिमा-पूर्व ‘मॅकसिमा’ या प्रणालीचे काम सुरू झाले.

अशा यंत्रांचे मोल कशात आहे, हे चंद्राच्या एका गणिताने दाखवून दिले. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल दलोने यांनी एकोणिसाव्या शतकात चंद्राच्या गतीचे सूत्र केवळ कागद आणि लेखणीच्या बळावर मांडले. दहा वर्षे ते मांडण्यात आणि आणखी दहा वर्षे ते तपासण्यात गेली. १८६० आणि १८६७ मध्ये त्याचे दोन खंड प्रसिद्ध झाले. १९७० मध्ये अमेरिकेतील तीन शास्त्रज्ञांनी संगणकाकडून हेच गणित सुमारे २० तासांत करवून घेतले. त्यात दलोने यांच्या मोजक्याच चुका निघाल्या. यंत्राच्या वेगाइतकीच दलोने यांची अचूकताही थक्क करणारी होती, हे मान्य करावे लागते.

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात १९८० मध्ये मॅपलचा जन्म झाला. स्टीफन वोल्फ्राम यांनी मॅथेमॅटिकाची पहिली आवृत्ती जून १९८८ मध्ये आणली. ही दोन्ही व्यावसायिक सॉफ्टवेअर आजही आपापल्या क्षेत्रात अग्रेसर आहेत. मुक्तस्रोत बाजूला विल्यम शेल्टर या अमेरिकी प्राध्यापकांनी १९८२ पासून मॅकसिमाची एक प्रत एकहाती जिवंत ठेवली. १९९८ मध्ये ती मुक्त परवान्याखाली सर्वांना देण्याची संमती त्यांनी मिळवली आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर स्वयंसेवकांनी चालवलेली तीच प्रत म्हणजे आजची मॅक्सिमा. विल्यम स्टाइन यांचे सेज २००५ मध्ये आले आणि सिम्पाय त्यानंतर अल्पावधीत. चेक वंशाचे ओंद्रे चेर्तिक यांनी सुरू केलेल्या सिम्पायच्या विकासात गुगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमातून आलेल्या भारतीय अभियांत्रिकी विद्यार्थ्यांचा वाटा लक्षणीय आहे.

चुकीच्या साधनाची किंमत

साधन एकदा प्रयोगशाळेत स्थिरावले की ते किती काळ टिकते, याचा भारतीय अनुभव बोलका आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभीचे टर्बो सी++ हे डॉस प्रणालीसाठी बनलेले सॉफ्टवेअर देशातील असंख्य महाविद्यालयांत, त्याची निर्मिती थांबल्यानंतरही कित्येक वर्षे वापरले जात होते. नव्या विंडोजवर ते चालेना, तेव्हा जुन्या डॉसचे सोंग आणणारे दुसरे सॉफ्टवेअर त्याखाली बसवून ते चालवले गेले. १९९८ मध्ये सी++ भाषेचे अधिकृत मानक निश्चित झाले होते. टर्बोमध्ये शिकलेला विद्यार्थी त्या मानकाप्रमाणे चालणाऱ्या संगणकासमोर बसला की त्याच्या प्रोग्रॅमची पहिलीच ओळ नाकारली जाई.

गणिताच्या दृष्टीने याहून गंभीर बाब वेगळी होती. टर्बोमधील साधी पूर्णांक संख्या १६ बिटांची असे आणि तिची कमाल मर्यादा ३२,७६७ होती. क्रमगुणित काढण्याचा प्रोग्रॅम हा पहिल्या महिन्यातील ठरलेला स्वाध्याय. सातचे क्रमगुणित ५,०४० बरोबर येई. आठचे क्रमगुणित ४०,३२० असायला हवे. पडद्यावर मात्र उणे २५,२१६ असा आकडा झळके. चुकीचा संदेश नाही, इशारा नाही. पायथनमध्ये हाच स्वाध्याय केला तर १०० चे क्रमगुणित, १५८ अंकांची ती संख्या, शेवटच्या अंकापर्यंत अचूक मिळते, कारण पायथनचे पूर्णांक गरजेप्रमाणे वाढत जातात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रासाठी सी++ ऐवजी पायथन स्वीकारल्यामुळे सीबीएसईच्या विद्यार्थ्यांपुरता हा प्रश्न मिटला आहे. जुन्या चाकोरीतील महाविद्यालयांत तो अद्याप पुरता मिटलेला नाही.

पायथन आणि सिम्पाय : लाभ आणि ठेचा

ज्याला प्रोग्रॅमिंग आणि प्रतीकात्मक गणित दोन्ही शिकायचे आहे, त्याच्यासाठी आजच्या घडीला पायथन आणि सिम्पाय ही जोडी सर्वाधिक हिताची ठरते. नेदरलँड्सच्या गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही भाषा विनामूल्य आहे, आणि गणिताबाहेरही तिचा उपयोग होत असल्याने शिकण्यातील श्रम वाया जात नाहीत. सिम्पाय हे स्वतंत्र सॉफ्टवेअर नसून पायथनमध्ये जोडायचा संच आहे. बहुपदीचे अवयव पाडणे, समीकरणे सोडवणे, अवकलन, समाकलन, सीमा, मॅट्रिक्स ही पदवीपर्यंतची बहुतेक कामे त्यात होतात.

मात्र पायथन गणितासाठी बनलेली भाषा नाही, आणि तिच्या काही खोडी नवशिक्याला हमखास ठेच देतात. वहीत किंवा अन्य सॉफ्टवेअरमध्ये घातासाठी टोपीसारखे चिन्ह वापरण्याची सवय असते. पायथनमध्ये त्या चिन्हाचा अर्थ निराळाच, बिटांवरील एक क्रिया असा आहे. त्यामुळे दोनाचा तिसरा घात समजून लिहिलेल्या ओळीचे उत्तर ८ ऐवजी १ येते. पुन्हा एकदा, इशारा काहीच नाही. घातासाठी गुणाकाराची फुली दोनदा द्यावी लागते.

अपूर्णांकाचेही तसेच. सिम्पायमध्ये काम करताना एक भागिले तीन असे सरळ लिहिले, तर सिम्पायपर्यंत पोहोचण्याआधीच पायथन त्याचा दशांश करून टाकते आणि अचूकता तेथेच संपते. परिमेय संख्या म्हणून ती स्वतंत्रपणे घोषित करावी लागते. बरोबरीचे चिन्ह तर सर्वांत फसवे. एकदा दिले तर ते ‘ही किंमत ठेव’ अशी आज्ञा ठरते. दोनदा दिले तर सिम्पाय दोन राशींची मांडणी तंतोतंत सारखी आहे का एवढेच पाहते. ‘एक्स अधिक एक’चा वर्ग आणि त्याचा विस्तार यांची अशी तुलना केली तर उत्तर ‘असत्य’ येते. दोन राशी गणिती दृष्ट्या समान आहेत का हे पाहायचे असेल, तर एकीतून दुसरी वजा करून संक्षेप करावा आणि शून्य उरते का ते पाहावे. ही पद्धत व्यवहारात उपयोगी आहे, पण सर्वशक्तिमान नाही: कोणतीही राशी शून्याइतकी आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी पद्धत असूच शकत नाही, असे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ मध्ये बऱ्याच विस्तृत प्रकारच्या राशींसाठी सिद्ध केले आहे.

या ठेचांमुळे पायथन टाळावी असे नव्हे. पहिल्याच आठवड्यात कोणी त्या दाखवून दिल्या तर पुढचा त्रास वाचतो. पुस्तक निवडतानाही एक दक्षता घ्यावी. पायथनच्या दुसऱ्या पिढीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्या पिढीवर लिहिलेली पुस्तके जुन्या बाजारात आणि ग्रंथालयांत अजून सापडतात. त्यातील अगदी साधी, मजकूर छापण्याची ओळही आजच्या पायथनमध्ये चालत नाही, कारण आता तेथे कंस अनिवार्य आहेत.

प्रोग्रॅम लिहिण्याच्या खिडकीचाही विचार हवा. व्यावसायिक प्रोग्रॅमर वापरतात ती भरगच्च साधने नवशिक्याला गोंधळात पाडतात. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठात तयार झालेले थॉनी हे साधन या दृष्टीने उत्तम आहे. त्यात पायथन आधीच समाविष्ट असते, सिम्पाय त्यातील यादीतूनच जोडता येते, आणि एखादी राशी टप्प्याटप्प्याने कशी सोडवली जाते हे ते पडद्यावर दाखवते. पुढे सूत्रे सुबक स्वरूपात पाहण्याची गरज वाटू लागली की ज्युपिटर या वहीसदृश साधनाकडे वळता येते. एक मात्र ध्यानात ठेवावे: ज्युपिटरच्या वहीत ओळी कोणत्याही क्रमाने चालवता येतात. वरची ओळ बदलून ती पुन्हा चालवायची राहिली, तर खालचे उत्तर जुन्याच किमतीवर उभे असते. शंका आली की संपूर्ण वही आरंभापासून पुन्हा चालवणे इष्ट.

केवळ गणित हवे असेल तर

प्रोग्रॅमिंग हा हेतू नसेल आणि गणिताच्या अभ्यासाला सोबती एवढाच हवा असेल, तर मॅक्सिमा अधिक सरळ आहे. त्यात टोपीचे चिन्ह घातच दर्शवते, एक भागिले तीन हे एकतृतीयांशच राहते आणि चिन्हे आधी घोषित करावी लागत नाहीत. डब्ल्यूएक्स-मॅक्सिमा या आवरणात मेनूमधून क्रिया निवडता येतात. जुन्या, कमी क्षमतेच्या संगणकांवरही ते चालते. ज्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दहा वर्षांपूर्वीची यंत्रे आहेत, त्याच्या दृष्टीने ही बाब निर्णायक ठरू शकते. प्रत्येक आज्ञेच्या अंती अर्धविराम लागतो आणि किंमत ठेवण्यासाठी बरोबरीच्या चिन्हाऐवजी अपूर्णविराम लागतो, एवढे दोन नियम लक्षात ठेवले की सुरुवात होते. बरोबरीचे चिन्ह समीकरणासाठीच राखून ठेवलेले असल्याने वर सांगितलेला गोंधळ येथे उद्भवत नाही.

मॅक्सिमाचे उलटप्रश्न मात्र काहींना जाचतात. ‘ए धन आहे, ऋण आहे की शून्य?’ असे ते मध्येच विचारते. या वेळी अंदाजाने काहीतरी टंकित करून सुटका करून घेण्याचा मोह होतो. खरे तर तो प्रश्न उदाहरणाचाच भाग असतो. वहीत सोडवतानाही तो पडायला हवा होता.

सेज हा या दोन्हींच्या मधला, किंबहुना दोन्हींना पोटात घेणारा पर्याय. त्याची भाषा पायथनच आहे, परंतु आज्ञा पायथनकडे जाण्याआधी तो त्यात गणिताला अनुकूल असे बदल करतो. म्हणून टोपीचे चिन्ह घात ठरते आणि अपूर्णांक अचूक राहतात. समाकलनासारखी कामे तो पडद्याआडून मॅक्सिमाकडूनही करवून घेतो. संख्यासिद्धांत, आलेखसिद्धांत, गटसिद्धांत अशा पदव्युत्तर विषयांत त्याची खरी ताकद दिसते. नवशिक्यासाठी दोन अडचणी आहेत. त्याचा आकार मोठा आहे आणि विंडोजवर तो चालवण्यासाठी आधी लिनक्सचा उपस्तर उभारावा लागतो. शिवाय सेजमध्ये लागलेली टोपीच्या चिन्हाची सवय साध्या पायथनमध्ये गेल्यावर पुन्हा तोच ‘दोनाचा तिसरा घात १’ असा धक्का देते.

मॅटलॅबचे नाव अभियांत्रिकीच्या वर्तुळात सर्वाधिक ऐकू येते. ते मूलतः आकड्यांचे साधन आहे. प्रतीकात्मक गणितासाठी त्याला वेगळा संच विकत घेऊन जोडावा लागतो. त्याच्याशी बऱ्याच अंशी सुसंगत असलेल्या ऑक्टेव्ह या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये प्रतीकात्मक गणिताचा जो संच मिळतो, तो आतून सिम्पायचाच उपयोग करतो.

परवाना संपल्यानंतर

मॅथेमॅटिका आणि मॅपल यांचा दर्जा वादातीत आहे. त्यांची मदतपुस्तिका, सूत्रांची मांडणी आणि कठीण समाकलने सोडवण्याची क्षमता मुक्त पर्यायांहून अनेक ठिकाणी सरस आहे. दिल्ली विद्यापीठाच्या बी.एस्सी. ऑनर्स गणिताच्या प्रात्यक्षिकांत मॅथेमॅटिका, मॅपल, मॅटलॅब, मॅक्सिमा अशी नावे पर्याय म्हणून एकत्र दिलेली आढळतात. ज्या महाविद्यालयाने व्यावसायिक परवाना घेतला आहे, तेथील विद्यार्थ्याने त्याचा लाभ जरूर घ्यावा.

प्रश्न उद्भवतो तो पदवी मिळाल्यावर. संस्थेचा परवाना विद्यार्थ्यासोबत बाहेर पडत नाही. तीन वर्षांत तयार केलेल्या वह्या संगणकावर असतात, पण त्यातील गणित पुन्हा चालवून पाहण्यासाठी लागणारे सॉफ्टवेअर हाताशी नसते. मॅथेमॅटिका २०१३ पासून रास्पबेरी पाय या छोट्या, स्वस्त संगणकावर वैयक्तिक वापरासाठी विनामूल्य मिळते, ही एक पळवाट आहे. तथापि सर्वांना ती सोयीची नाही. दुसरीकडे बेकायदा प्रती वापरण्याची वाट आहे, आणि ती किती मळलेली आहे हे सर्वश्रुत आहे. कायद्याचा मुद्दा बाजूला ठेवला, तरी अशा प्रतींबरोबर संगणकात विषाणू शिरण्याचा धोका असतो. जे काम मॅक्सिमा किंवा सिम्पायमध्ये होते, त्यासाठी हा धोका पत्करण्याचे कारण दिसत नाही.

संगणकच नसलेल्या विद्यार्थ्यांची संख्या देशात मोठी आहे आणि त्यांचा पर्याय मोबाइल हाच असतो. ऑस्ट्रियातील मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये आरंभलेले जिओजिब्रा मोबाइलवर उत्तम चालते. त्यातील प्रतीकात्मक गणिताचा भाग जिआक या फ्रेंच प्रणालीवर उभा आहे. आलेख आणि सूत्र शेजारी-शेजारी दिसत असल्याने शालेय स्तरावर त्याच्या तोडीचे साधन विरळाच. इंटरनेट असेल तर ‘सेजमॅथसेल’ या पानावर खाते न उघडताही सेजच्या आज्ञा चालवता येतात. गुगलच्या कोलॅबमध्ये गुगलचे खाते असल्यास पायथन आणि सिम्पाय तयारच मिळतात. मात्र मोबाइलच्या कळफलकावर कंस, फुल्या आणि समासातील जागा नीट सांभाळत पन्नास ओळींचा प्रोग्रॅम लिहिणे हे सहनशीलतेची परीक्षा पाहणारे काम आहे. प्रोग्रॅमिंगसाठी आठवड्यातून दोन तास का होईना, कळफलक असलेले यंत्र मिळवावे.

पाठ्यपुस्तकाशी न जुळणारे उत्तर

साधन कोणतेही घेतले तरी एक प्रसंग लवकरच येतो. एक भागिले एक्स या राशीचे समाकलन विचारले की मॅथेमॅटिका, मॅक्सिमा आणि सिम्पाय तिन्ही ‘लॉग एक्स’ एवढेच सांगतात. पाठ्यपुस्तकात ‘लॉग, एक्सचे केवल मूल्य, अधिक स्थिरांक सी’ असे असते आणि ते न लिहिल्यास परीक्षेत गुण कापले जातात. विद्यार्थी गोंधळतो: चूक यंत्राची की पुस्तकाची?

चूक कोणाचीच नाही. ही प्रणाली संमिश्र संख्यांच्या विश्वात विचार करते. तेथे ऋण संख्येलाही लॉगरिदम असतो. तो त्या संख्येच्या केवल मूल्याच्या लॉगरिदमपेक्षा फक्त एका काल्पनिक स्थिरांकाने वेगळा असतो, आणि अवकलन केले की तो स्थिरांक नाहीसा होतो. शालेय गणित वास्तव संख्यांपुरते मर्यादित असल्याने तेथे केवल मूल्य आवश्यक ठरते. स्थिरांक सी लिहिण्याची जबाबदारी या प्रणाली वापरणाऱ्यावर सोपवतात. मॅक्सिमात केवल मूल्यासह उत्तर मिळवण्यासाठी ‘लॉगॲब्स’ नावाची एक कळ आहे, ती चालू करता येते.

वर्गमूळाच्या बाबतीत हेच पुन्हा घडते. एक्सच्या वर्गाचे वर्गमूळ विचारले तर सिम्पाय ते तसेच परत करते. एक्स धन आहे असे आधी सांगितले तर उत्तर एक्स येते. एक्स केवळ वास्तव आहे असे सांगितले तर एक्सचे केवल मूल्य. ज्या विद्यार्थ्याने वहीत वर्ग आणि वर्गमूळ सर्रास एकमेकांवर काट मारून उडवले आहेत, त्याला सिम्पायचा हा हटवाद प्रथम सदोष वाटतो.

काही वेळा यंत्र उत्तरच देत नाही. एक्सचा एक्सावा घात ही राशी समाकलनासाठी दिली तर प्रश्न जसाच्या तसा परत येतो, कारण परिचित फलनांत त्याचे उत्तर लिहिताच येत नाही. तेव्हा आकड्यांच्या पद्धतीने ठरावीक मर्यादांमधील किंमत काढावी लागते. नेमके याच ठिकाणी पायथनसारखी सर्वसाधारण भाषा शिकल्याचा लाभ दिसतो, कारण दोन्ही प्रकारची साधने तेथे एकाच छताखाली आहेत.

अलीकडे विद्यार्थी अशा प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील संवादी साधनांना विचारतात. ही साधने भाषेच्या धर्तीवर उत्तर रचतात. सोबत गणिती प्रणाली जोडलेली नसेल, तर मधल्या पायरीत चिन्ह चुकूनही अंतिम ओळ मोठ्या आत्मविश्वासाने लिहिलेली असते. तपासणीचा मार्ग मात्र सर्वांसाठी एकच आणि सोपा आहे. समाकलनाचे उत्तर कोठूनही आलेले असो, त्याचे सिम्पाय किंवा मॅक्सिमात अवकलन करावे, मूळ राशी त्यातून वजा करावी आणि संक्षेप करावा. शून्य आले नाही तर एक्सला दोन-तीन साध्या किमती देऊन फरक खरोखर शून्याहून वेगळा आहे का ते पाहावे. समाकलन कठीण असले तरी अवकलन नियमबद्ध असते, त्यामुळे या उलट्या वाटेने केलेली पडताळणी सहसा दगा देत नाही.

मराठीतून शिकण्याची सोय

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा केंद्र सरकारच्या साहाय्याने चालणारा प्रकल्प मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवरील छोट्या ध्वनिचित्रफिती अनेक भारतीय भाषांतून विनामूल्य देतो. प्रत्येक फीत साधारण दहा मिनिटांची असते. जिओजिब्रा आणि सायलॅब यांसारख्या गणिती साधनांवरील फिती मराठीतही उपलब्ध आहेत. महाराष्ट्राबाहेर, जेथे मराठीतून शिकवणारा शिक्षक सापडणे दुरापास्त, तेथील विद्यार्थ्यांना त्यांचा विशेष उपयोग होऊ शकतो. काही फिती सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांवर चित्रित झालेल्या आहेत. पडद्यावरील मेनू जुळला नाही तर गोंधळून न जाता आवृत्तीचा क्रमांक पाहावा.

खुद्द पायथनमध्येही देवनागरीला मज्जाव नाही. २००८ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या पिढीपासून चलांना आणि फलनांना बेरीज, मुद्दल, त्रिज्या अशी नावे देवनागरीत देता येतात. भाषेचे स्वतःचे सुमारे ३५ राखीव शब्द मात्र इंग्रजीच राहतात, आणि प्रोग्रॅमच्या ओळीत संख्या थेट लिहिताना आंतरराष्ट्रीय अंकचिन्हेच वापरावी लागतात. वापरणाऱ्याने कळफलकावरून देवनागरीत १२ असे टंकित केले, तर पूर्णांकात रूपांतर करण्याची आज्ञा ती संख्या बिनदिक्कत स्वीकारते.